पहिल्या तोड्याचा वाणवळा

माझी आई अळ्यांना मारत नसे, त्यांना पोचवायला जात असे. आमच्या कॉलनीतल्या गच्चीबागवाल्यांच्या मोबाइलवरच्या गटात मी एकदा हे लिहिलं, तर बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. एकीनं विचारलं, रिक्षानं की चालत? चालतच. उजाडता उजाडता वनस्पती तुपाचा रिकामा डबा हातात घेऊन ती गच्चीवर वाकून फिरायची, एकेक पान उलटं करून बघायची, अळी चिमटीत अलगद धरून डब्यात सोडायची, आणि दहा-बारा जमल्या की घरामागच्या पडीक जागेत एरंडाची झाडं होती तिथं जाऊन डबा उपडा करायची. दादा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांचं सगळं जग फायलींचं आणि ऑर्डरींचं. आई डबा घेऊन जिना उतरायला लागली की दाढी करता करता ते विचारायचे, "आज कितीजणांची बदली झाली?" आई म्हणायची, "नऊ. उद्या तुमचाच नंबर हाय." वालावरची अळी एरंडावर जगते की नाही, हे पुढं इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मी तिला कधी सांगितलं नाही. बहुतेक बिचाऱ्या उपाशीच मेल्या असतील.

यामागं पंचशील होतं. आईच्या माहेरच्या खेड्यात विहार नव्हता. ती लग्न होऊन अंबाजोगाईला आली आणि मग जायला लागली. पण एकदा शीलं घेतली म्हटल्यावर ती तिनं घरातल्या भांड्यांसारखी रोज वापरली. जीव घ्यायचा नाही हे पहिलं, खोटं बोलायचं नाही हे चौथं. या दोन्हींबाबत ती कुणाचं ऐकायची नाही. पाचव्यात नशापाणी वर्ज्य आहे. ते दादांनी तिच्या मिश्रीवरून काढलं की मात्र तिची पंचाईत व्हायची. "मिश्री नशा न्हाई, मिश्री दाताला हाय," असं म्हणून ती पुन्हा बोटभर घ्यायची. त्या मिश्रीनं तिचं नाक पार मारून टाकलं होतं. तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली तरी तिला शेजारणीनं सांगावं लागायचं.

आम्ही राहत होतो ती माडीवरची दोन खोल्यांची जागा भाड्याची होती, आणि खोल्यांपुढं उघडी गच्ची. त्या गच्चीवर आईनं जे काही उभं केलं होतं त्याला आजच्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझ्या स्वतःच्या गच्चीवर आता विकत आणलेल्या हिरव्या पिशव्या आहेत, त्यात विकत आणलेली माती आहे. आईकडं तेलाचे पत्र्याचे डबे होते, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेले. एक तडकलेला रांजण, बूड गेलेली दोन घमेली, ट्रकचं एक टायर, आणि दादांनी कचेरीतून मागून आणलेलं एक लाकडी खोकं. रांजणात वाल लावलेला, तो दोरीवरून चढून खोलीच्या दारावर गेला होता. डब्यांत वांगी आणि मिरच्या, घमेल्यांत मेथी, कोथिंबीर, चुका. उन्हाळ्यात पत्रा तापून मुळं शिजतात म्हणून ती डब्यांना ओलं पोतं गुंडाळून ठेवायची. आमच्या जेवणात भाजी विकतची क्वचितच असे. सकाळी पाट्यावर मिरची वाटल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, मग खालून शेळ्यांचं ओरडणं. या तीन आवाजांवर मी घड्याळ न बघता कॉलेजची वेळ ओळखायची. थंडीत वालाच्या शेंगांची दाण्याचं कूट घातलेली सुकी भाजी, सोबत येसराची आमटी आणि गरम भाकरी. त्या चवीसाठी मी पुढं किती वेळा जीव टाकला आणि ती मला माझ्या हातानं एकदाही साधली नाही.

खालच्या शेळ्या रखमाकाकूच्या. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, तिथं ती राहायची. ती मूळची गेवराईकडची, चकलांब्याची. मेंढरं राखणारं घर. नवरा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, लेकरू गावाकडं सासूजवळ, आणि ही तीन शेळ्या घेऊन अंबाजोगाईत, लोकांकडं धुण्याभांड्याची कामं करत. आवाज असा की चौकातल्या माणसानं वळून बघावं. आईचं आणि तिचं जमलं ते लेंड्यांवरून. पत्र्याच्या डब्यातल्या मातीला दर वर्षी खत लागतं आणि शेळीच्या लेंडीसारखं खत नाही. काकू अंगणातून हाक मारायची, "सुज्याची माय, सोड गं बादली!" आणि आई कठड्यावरून दोराला बांधलेली बादली खाली सोडायची. बादली लेंडीखत भरून वर यायची, आणि जाताना त्यात मेथी, वांगी, नाही तर शेळ्यांसाठी खुडलेला पाला जायचा. दोघी कठड्याच्या वर आणि खाली उभ्या राहून तास तास बोलायच्या. मान अवघडली की काकू पालथ्या बादलीवर बसायची आणि तिथून बोलायची.

तरीही पहिल्यांदा भाजी खाली पाठवताना आई दोन दिवस विचार करत होती, हे मला आठवतं. आमच्याकडं कुठल्याही वेलाच्या, झाडाच्या पहिल्या तोड्याची भाजी घरात शिजत नसे. ती आधी शेजारी द्यायची, वाणवळा म्हणून, आणि मग आपण खायची. ही रीत गावोगाव आहे, सगळ्यांची आहे. पण आईच्या माहेरी त्यांच्या घरचा वाणवळा गावात कुणी घेत नसे. त्यांनीच दुसऱ्यांचा घ्यायचा, तोही वरून ओंजळीत टाकलेला. म्हणून तिनं पहिल्या वेळी बादलीत वालाच्या शेंगा घातल्या आणि दोर सोडून ती कठड्याआड बसून राहिली. थोड्या वेळानं खालून फोडणीचा चर्र आवाज आला. संध्याकाळी काकूनं वर बघून आरोळी ठोकली, "शेंगा लई ग्वाड होत्या गं, माज्याच हातनं मीठ जास्त पडलं!" आईनं त्या दिवशी दादांना ही बातमी दोनदा सांगितली. त्यानंतर सहा वर्षं पहिला तोडा खालीच गेला.

किड्यांचं मात्र आईला सरळ कधी सुटलं नाही. अळ्या उचलून नेता येतात, माव्याचं काय करणार? वालाच्या कोवळ्या शेंड्याला थंडीत काळा मावा असा लगडतो की देठ दिसत नाही. आई चुलीची राख चाळून पहाटेच्या दवावर भुरभुरायची. कधी ओल्या फडक्यानं शेंडे पुसून काढायची, कधी आंबट ताक शिंपडायची. आणि वाट बघायची. कारण मावा वाढला की मागोमाग ते लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे बारीक किडे येतात. पुस्तकात त्यांना ढालकिडे म्हणतात आणि ते मावा खातात. पुस्तक न वाचता आईला हे ठाऊक होतं. "राखणदार आले," म्हणायची. दादा म्हणायचे, "तुजे राखणदार जीव खातेत ते चालतं व्हय?" "त्यांनी कुटं शीलं घेतल्यात," आई म्हणायची.

मी त्या वर्षी अकरावीला, सायन्सला होते. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी, आणि हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. वनस्पतीशास्त्राला एक मॅडम होत्या, नव्याच आलेल्या, इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या. त्यांच्यावर छाप पाडायला मी वर्गात सांगून बसले की आमच्या गच्चीवर बारा जातींच्या भाज्या आहेत. मॅडम म्हणाल्या, अरे वा, मग रविवारी बघायलाच येते. मी तरंगत घरी आले आणि गच्चीवर येऊन बघितलं तर वालावर काळा मावा, वांग्याच्या पानांना चाळण झालेली, आणि सगळ्यावर राख. पहिल्यांदा मला ते मॅडमच्या डोळ्यांनी दिसलं. मला लाज वाटली. नुसती किडीची नाही. डब्यांची, टायरची, पोत्याची, आणि खरं लिहायचं तर आईचीसुद्धा.

दिवाळीत मी मामाकडं गेले होते तेव्हा त्याच्याकडून कपाशीवर मारायचं औषध एका लहान बाटलीत आणलेलं होतं. मामानं दिलं नव्हतं. त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या डब्यातून मीच काढून घेतलं होतं, प्रयोग करायचा म्हणून. मामा सगळ्यांना बजावायचा की हे मारल्यावर पंधरा दिवस रानात ढोर सोडायचं नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मी आईला सांगितलं, रविवारी मॅडम येणार आहेत, तोवर काही तोडू नकोस, झाडं भरलेली दिसू दे. आई हो म्हणाली. मॅडम येऊन गेल्या की शेंगा, वांगी, सगळं किडलं म्हणून मीच तोडून फेकून देणार होते. माझा बेत पक्का होता आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता.

गुरुवारी पौर्णिमा होती. आई पांढरं लुगडं नेसून दिवेलागणीच्या आधी विहारात गेली, दादा अजून कचेरीतून यायचे होते. मी बादलीत पाणी घेतलं, बाटली ओतली. किती घालायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळीच ओतली. पाणी दुधासारखं झालं. झाडायची शिराई बुडवून बुडवून मी सगळ्या झाडांवर शिंपडलं, वालावर दोनदा. वास असा होता की घसा धरला. मी बादली तीनदा धुतली, बाटली पडीक जागेत फेकली, हात साबणानं घासले. आई आली, तिनं गच्चीच्या दारात उभं राहून मिश्री लावली आणि तिला काही कळलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा आई रांजणाजवळ उकिडवी बसलेली होती. तिच्या पदरात काही तरी होतं. मला वाटलं अळ्या. जवळ गेले तर मेलेले राखणदार, पंचवीस-तीस, आणि दोन मधमाश्या. मावा शेंड्यावरच वाळून गेला होता. "सुजा, हे कशानं गं झालं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "थंडीनं असंल. रात्री लई थंडी होती." ती म्हणाली, "व्हय, थंडी होतीच," आणि पदर डब्यात झटकून एरंडाकडं निघाली. मेलेल्यांनासुद्धा ती पोचवायला गेली. मला सकाळी प्रॅक्टिकल होतं, मी निघाले. जाताना पुन्हा एकदा बजावलं, काही तोडू नको. माझ्या डोक्यातून एकच गोष्ट निसटली. रविवारी पाहुणी येणार, तिच्या हातात शेंगा द्याव्या लागणार, आणि पहिला तोडा तर अजून खाली गेलेला नाही. आई ती रीत मोडू देणार नव्हती. मी गेल्यावर तिनं ओंजळभर शेंगा काढल्या आणि बादली खाली सोडली.

दुपारी मी परत आले तेव्हा अंगणात माणसं होती. काकूची हरणी, सगळ्यांत देखणी शेळी, गाभण होती. ती अंगणात पाय ताठ करून पडली होती आणि तोंडाला फेस होता. काकू तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी. काकूचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे, ती हळू बोलत होती.

"सुज्याची माय, काय मारलंस गं शेंगावर?"

"मी कशाला काय मारू? राख टाकली ती बी मागल्या आठवड्यात."

"औषदाचा वास येतोय गं. फवाऱ्याच्या. म्या त्याच्यामुळं तर भाजी केली न्हाई. तुला इचारावं म्हणून परातीत तशाच ठेवल्या आन पाण्याला गेले. हिनं दावं तोडून तोंड घातलं."

आईनं पुढं होऊन परातीतली एक शेंग उचलली, नाकाला लावली. पुन्हा लावली. मग तिनं आजूबाजूला बघितलं, तेव्हा मी तिला दिसले. तिच्या तोंडावर एकदम सुटका झाल्यासारखं आलं. ती शेंग घेऊन माझ्याकडं आली आणि माझ्यापुढं धरली.

"तू सांग, सुजा. तुजं नाक चांगलं हाय. येतोय का वास?"

शेंग माझ्या तोंडापासून वीतभर लांब होती आणि तिचा वास मला अंगणाच्या फाटकातून येताना लागला होता. काकू माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "न्हाई."

तो एक शब्द मी पुढं हजार वेळा मनात परत घेतला. त्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर जे बदललं ते मी बघितलं. ती माझ्याकडं पाठ करून वळली आणि काकूला म्हणाली, "मंग शेळीपुढं कावून टाकल्यास ते सांग. आमच्या हातचं चालत न्हाई म्हण की सरळ."

"अगं, सहा वर्सं खाते म्या..."

"खातीस का शेळीला घालतीस, मला वरून काय दिसतंय?"

काकू उठून उभी राहिली. म्हणाली, "शेळी माजी मेली, आन बोलनी बी मीच खाऊ?" तिनं परात उचलली, शेंगा उकिरड्यावर फेकल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी वर गेले आणि सगळी झाडं उपटायला लागले. वाल, वांगी, मेथी, जे हाताला लागेल ते. कुणी खाऊ नये म्हणून उपटत होते, रडत होते. आईला वाटलं मी तिच्या अपमानानं पेटून उपटतेय. ती जवळ आली, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माय. आपल्याला काय नवं हाय का हे." तिथं मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मला हळूहळू बरं वाटायला लागलं. कारण आता घरात राग होता. दादा चिडले, वस्तीतल्या बायका चिडल्या, सगळ्यांना आपापले जुने अपमान आठवले, आणि ते अपमान खोटे नव्हते. त्या खऱ्या रागाच्या आडोशाला माझं खोटं आरामात बसलं. मॅडमना मी घरात आजारपण आहे म्हणून कळवलं. त्या आमच्याकडं कधीच आल्या नाहीत.

आईनं बादलीचा दोर सोडून गुंडाळून ठेवला. काकू उरलेल्या दोन शेळ्यांना घेऊन दोन-तीन महिन्यांनी चकलांब्याला गेली. जाताना ट्रकमध्ये सामान चढवत होती तेव्हा आई गच्चीवर असूनही कठड्याजवळ गेली नाही. खताविना डब्यांतली माती दगड झाली. आईनं पुन्हा थोड्या मिरच्या लावल्या होत्या, उगाच, सवयीनं. एके सकाळी मी दात घासत उभी असताना बघितलं की तिनं मिरचीवरची अळी झटकून खाली पाडली आणि चपलेनं चिरडली. मग चपलेचा तळ कठड्याला घासला. दादा तिथंच दाढी करत होते. त्यांनी मान खाली घालून वस्तरा धुतला.

सांगायला वेळ मिळाला नाही असं मला म्हणता येणार नाही. शिकून मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगी झाली. बाळंतपणात शेजारच्या बाईनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणले, तेव्हा आई मला आत येऊन म्हणाली, "घ्यायचं ते घे. आपलं काही देऊ नको. देऊन बघितलंय मी." मी सांगितलं नाही. दादा गेले, आई माझ्याकडं राहायला आली, तिच्या वयाच्या बायका जमल्या की ती हरणीची गोष्ट सांगायची. सांगता सांगता ती गोष्ट वाढली. आता त्यात पहिल्या दिवशीची फोडणीसुद्धा खोटी झाली होती. "फोडणी काय, कशाची बी असती," असं ती म्हणायची. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठून जायची. मी पोरांना कीटकनाशकांचे दुष्परिणाम शिकवत होते, प्रश्नपत्रिकेत त्यावर प्रश्न काढत होते. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

निवृत्तीनंतर मी अंबाजोगाईलाच घर बांधलं आणि गच्चीवर पिशव्या मांडल्या. आई ऐंशीची झाली होती, खुर्चीत बसून मला हुकूम सोडायची. त्या थंडीत वाल धरला. शेजारी एक नर्स मुलगी राहायला आली होती, एकटीच. पहिल्या शेंगा मी डब्यात घालून तिला द्यायला निघाले, तर ती स्वतःच वर आली. तिच्या हातात डबा देत असताना आई मागून म्हणाली, "खायच्या नसल्या तर आत्ताच सांग बाई. तुज्याकडं शेळी बी न्हाई." ती मुलगी गोंधळून हसली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी काही तरी सारवासारव केली. ती गेल्यावर आई उरलेल्या शेंगांच्या शिरा काढत बसली, आणि मी तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं. मामाची बाटली, पौर्णिमा, शिराई, मॅडम. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आईनं हातातली शेंग पुरी केली. मग विचारलं, "ती म्हणत होती तसा वास होता?"

"होता."

"तुला आला होता?"

"आला होता."

तिनं पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "चकलांब्याला गाडी कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, बीडला गाडी बदलून. तिच्यानं इतका प्रवास व्हायचा नाही, पण तिला थांबवायची माझी प्राज्ञा नव्हती. गावात विचारत विचारत घर सापडलं. पत्र्यासमोर शेळ्या बांधलेल्या होत्या आणि एक पन्नाशीची बाई त्यांना चारा टाकत होती. ती रखमाकाकूची सून निघाली. काकू पोळ्याच्या आधी गेली होती. आम्ही चार महिने उशिरा आलो होतो.

सुनेनं आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा केला. आईनं विचारलं, "अंबाजोगाईचं काही सांगायची का ती? माडीवरच्या बाईचं?" सून म्हणाली, "न्हाई ओ. तिथं होते, एवढंच म्हनायच्या. तुमी कोन त्यांच्या?" आईनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि जे काकूला सांगायला आली होती ते तिनं त्या अनोळखी बाईला सांगितलं. "तुज्या सासूची शेळी आमच्यामुळं मेली. ती खरं बोलत होती. मी तिला चार लोकांत खोटी पाडली." सून ओशाळली. "असू द्या आता, आजी. लई जुनं झालं," म्हणाली आणि उठून शेळ्यांकडं बघायला गेली. आई तिथं बसून राहिली. अंगणात एक करडू होतं, ते तिच्या लुगड्याचा काठ चघळत होतं आणि तिनं ते चघळू दिलं.

परतीच्या वाटेवर गाडी मांजरसुंब्याला थांबली. मी आईला हाताला धरून उतरवलं, ढाब्याच्या बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. मी वाट बघत होते की ती रागावेल. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या. ट्रक येत जात होते. तिनं दोन्ही हातांनी कप धरला होता आणि ती रस्त्याकडं बघत होती.

"तवा तू लेकरू होतीस," ती म्हणाली. "भ्यालीस. ते मला कळतं."

मी मान हलवली.

"पन मंग मोठी झालीस की गं."

कंडक्टरनं केज-अंबाजोगाईवाल्यांना हाक मारली. मी उठून हात पुढं केला. आईनं तो घेतला नाही. दाराचा दांडा धरून, एकेका पायरीवर थांबत, ती एकटी गाडीत चढली.